आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हात ग्राफिक्स कार्डांना पाणी

बर्डीला आमचं दुकान आधी साधं असेंब्ली-रिपेअरिंगचं होतं, विंडोज टाकून देणं, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलणं, कॉलेजच्या पोरांना गेमिंग पीसी जोडून देणं. ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक, म्हणजे पंख्याऐवजी पाण्याने थंड करणारा ठोकळा, बसवायचं काम 2017 ला सुरू झालं, एनव्हिडियाचं 1080 टीआय कार्ड आलं त्याच वर्षी. एका आर्किटेक्ट सरांनी रेंडरिंगसाठी ती दोन कार्डं घेतली होती, प्रत्येकी 250 वॅट, एकाला एक चिकटून, खालच्याची सगळी गरम हवा वरच्याच्या पंख्यात. ऑफिसात एसी नव्हता, कूलरच होता. सर म्हणाले, भाऊ काहीही करा पण हा आवाज बंद करा, फोनवर क्लायंटला ऐकू जातं.

तेव्हा कळलं की या कामात पाण्याचा भाग सोपा आहे, अवघड आहे ते मिलीमीटरचं. ब्लॉक म्हणजे निकेल चढवलेला तांब्याचा ठोकळा, कार्डाच्या मुख्य चिपच्या वर आत केसासारख्या बारीक पात्या, त्यातून पाणी जातं, वर ॲक्रिलिक किंवा ॲसिटलचं झाकण. फुल कव्हर ब्लॉक असेल तर तो चिपसोबत मेमरी आणि व्हीआरएमवरही (चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर) बसतो. पण एकाच नावाचं कार्ड चार कंपन्या चार वेगळ्या पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) काढतात, स्क्रूची भोकं जुळली तरी एखादा कपॅसिटर उंच निघतो आणि ब्लॉक तिथंच अडतो. म्हणून कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि मागून-पुढून फोटो आल्याशिवाय आम्ही ब्लॉक मागवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

मग थर्मल पॅड, म्हणजे मेमरी आणि ब्लॉकमधली फट भरणारी, उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी. जिथं 1 मिमी हवा तिथं 1.5 चा लावला तर ब्लॉक पॅडवरच टेकून राहतो, चिपला नीट चिकटतच नाही, आणि गेम सुरू केला की टेम्परेचर सरळ वर. म्हणून आमच्याकडे ब्लॉक एकदा कसतात, परत उघडतात, चिपवरच्या थर्मल पेस्टचा ठसा पूर्ण उमटला का, प्रत्येक मेमरी चिपचा शिक्का पॅडवर आला का ते बघतात, मगच फायनल. त्यानंतर पाणी भरायच्या आधी हवा भरून प्रेशर टेस्ट, गेजचा काटा हलला तर कुठंतरी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नीट बसलेली नाही असं समजायचं.

नागपूरचं वेगळं गणित आहे ते उन्हाचं. लोकांना वाटतं पाणी आहे म्हणजे थंड, पण रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, पाण्याला खोलीच्या तापमानाखाली आणूच शकत नाही. खोलीत 40 डिग्री असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार, आणि पाणी फिरवायला आपण वापरतो त्या डी5 पंपाची मर्यादा 60 डिग्रीची. त्यामुळे इंटरनेटवर बाहेरच्या देशातले लोक जेवढा रेडिएटर सांगतात त्याच्यापेक्षा मोठाच घ्यायला लावतो, कॅबिनेट बदलावं लागलं तरी. पावसाळ्यात दव धरेल का असंही विचारतात. नाही धरत, पाणी खोलीपेक्षा गरमच असतं ना.

आणि घरचं पाणी लूपमध्ये (पंप, ब्लॉक, रेडिएटरमधून पाणी फिरतं त्या नळ्यांमध्ये) घालू नका हे तर रोज सांगावं लागतं, कूलरच्या खसवर जो पांढरा थर बसतो तोच त्या पात्यांमध्ये बसला तर ब्लॉक गेलाच समजा. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज-शेवाळ रोखणारं केमिकल, नाहीतर तयार कूलंट. दुधाळ रंगीत कूलंट फोटोत छान दिसतं, नंतर रंग तळाला बसतो. ॲल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकसोबत तर अजिबात नाही, दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

खरं काम वाढलं ते एनव्हिडियाच्या 3090 मुळे. 350 वॅटचं कार्ड, 24 जीबी मेमरी, आणि त्यातल्या निम्म्या चिपा पीसीबीच्या मागच्या बाजूला! पुढून ब्लॉक लावून चिप गार झाली तरी मागची मेमरी शंभरच्या वर पळते, त्यासाठी बॅकप्लेटला (कार्डाच्या मागच्या पत्र्याला) चांगले पॅड, कधी मागूनही पाणी फिरवणारी प्लेट. मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून इथेरियमसारखी डिजिटल नाणी कमावणाऱ्यांनी, ही कार्डं रात्रंदिवस तापवली, सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात आली, आता एआय शिकणारी पोरं ती घेऊन आमच्याकडे येतात कारण एका मशीनमध्ये तीन-चार लावायची असतात आणि कंपनीच्या मूळ कूलरसकट (पंखे आणि हीटसिंक) तेवढी बसतच नाहीत, ब्लॉक लावला की जाडी निम्म्याहून कमी होते.

वॉरंटीचं आधीच बोलून घेतो. एका सर्व्हिस सेंटरने स्क्रूवरचा स्टिकर फाटला म्हणून आमच्या गिऱ्हाइकाचा क्लेम परत पाठवला होता, तेव्हापासून मूळ कूलर, स्क्रू, पंख्याच्या वायरी सगळं पिशवीत भरून, नाव लिहून परत देतो.

आता 5090 कार्डं येतात, 575 वॅट. ब्लॉक लावला म्हणून पॉवरचा कनेक्टर थंड होतो असा एक गैरसमज फिरतोय, तसं काही नाही, तो पूर्ण आत गेला का हे हातानेच बघावं लागतं. कडक पाइप वळवायचं काम भाचा बघतो, त्याचा हात सुंदर आहे, पण मला विचाराल तर काळी रबरी ट्यूबच बरी, कार्ड बाहेर काढायचं झालं तर सोपं जातं. आणि घरी एकच मध्यम ताकदीचं कार्ड असेल तर आम्ही ब्लॉक विकतच नाही, पेस्ट-पॅड बदलून देतो आणि कॅबिनेटला पुढून दोन पंखे लावायला सांगतो.