१९९५ सालचे माझे आवडते ख्रिस्ती आणि अल्टरनेटिव्ह रॉक अल्बम

डिसेंबर उजाडला की त्या वर्षातील आवडत्या अल्बमांच्या याद्या सगळीकडे दिसू लागतात. मला ती घाई कधी मानवली नाही. ऐकलेले संगीत अंगात मुरायला बारा महिने पुरत नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या अल्बमाला तर बिचाऱ्याला चार आठवडेच मिळतात. म्हणून मी एखादे जुने वर्ष निवडतो आणि त्यातले आज काय टिकले आहे ते पाहतो. या वेळी निवडलेले वर्ष १९९५ आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक त्या वर्षी चर्चच्या तळघरातून आणि धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून बाहेर येऊन उघड्या बाजारात उभा राहिला. त्या वर्षीचे गाजलेले अल्बम आणि मला आज पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटणारे अल्बम एकच नाहीत, आणि हा लेख मुख्यतः त्या फरकाविषयी आहे.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे माझ्या कानावर आधी पडली ती ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातील गीते आणि पेटी-तबल्यावरची रेव्हरंड टिळकांची भजने. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या माणसाची पदे ज्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, दर रविवारी गायली जातात, तेथे लोकांच्या ओठावरच्या चालीत देवाचे नाव घेतले म्हणून कोणी दचकत नाही. अमेरिकेत मात्र याच गोष्टीवरून दोन दशके भांडण चालले होते. जिमी स्वॅगर्टसारखे दूरचित्रवाणीवरील प्रचारक ऐंशीच्या दशकात ख्रिस्ती रॉकवर तुटून पडत होते, आणि दुसऱ्या बाजूला रॉकचे समीक्षक या बँडांना प्रचाराची हत्यारे समजून त्यांच्याकडे पाहतही नव्हते.

१९९५ मध्ये जे बदलले त्यामागे एक अगदी रुक्ष, हिशेबी कारण होते. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या अल्बम-खपाच्या याद्या १९९१ पासून ‘साउंडस्कॅन’ या यंत्रणेच्या आकड्यांवर आधारलेल्या होत्या, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर अल्बमाचा बारकोड वाचला गेला की ती विक्री मोजली जाई. परंतु ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने या मोजणीत नव्हती, आणि ख्रिस्ती अल्बम तर मुख्यतः तेथेच विकले जात. १९९५ मध्ये ही दुकाने मोजणीत आली आणि तोवर न दिसणारा श्रोता एकदम आकड्यांत दिसू लागला. ‘ईएमआय’सारख्या बड्या कंपन्यांनी या बाजारात आधीच पाय रोवले होते, ‘स्पॅरो’ ही ख्रिस्ती कंपनी ‘ईएमआय’ने १९९२ मध्येच विकत घेतली होती.

या बदलाचा सर्वांत मोठा लाभ डीसी टॉक या तिघांच्या चमूला झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेला त्यांचा ‘जीझस फ्रीक’ पहिल्याच आठवड्यात सुमारे ८५ हजार प्रती विकून ‘बिलबोर्ड २००’ मध्ये सोळाव्या क्रमांकावर पोहोचला. टोबी मॅकीहन, मायकेल टेट आणि केव्हिन मॅक्स हे तिघे व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात एकत्र आले होते आणि तोवर प्रामुख्याने रॅप करत होते. या अल्बमात त्यांनी ग्रंजची, म्हणजे त्या काळच्या खरखरीत, जड रॉकची गिटार उचलली. शीर्षकगीतात हळू कडवे आणि कानठळ्या बसवणारे ध्रुवपद ही निर्वाणाची, म्हणजे सिअ‍ॅटलच्या त्या प्रसिद्ध बँडची, ओळखीची रीत आहे हे कोणालाही कळेल. तरीही त्यातील एक जागा मला खरोखर आवडते. दुसऱ्या कडव्यात वाळवंटात राहणारा, वाळूवरच निजणारा एक माणूस येतो. तो बाप्तिस्मा करणारा योहान आहे हे त्याचे शिर उडवले जाईपर्यंत नीट उलगडत नाही, आणि हे सगळे रॅपच्या झपाट्यात काही ओळींत आटोपते. ‘व्हॉट इफ आय स्टम्बल’ हे गाणे तर ख्रिस्ती लेखक ब्रेनन मॅनिंग यांच्या आवाजातील एका वाक्याने सुरू होते, ज्यात जगातील नास्तिकपणाचे सर्वांत मोठे कारण ख्रिस्ती लोकच आहेत असे ते सांगतात. एवढ्या खपणाऱ्या अल्बमात हे वाक्य ठेवायला धाडस लागते. बाकीचा अल्बम मला आज थोडा जास्तच चकचकीत वाटतो. प्रत्येक गाणे वेगळ्या श्रोत्याला हाक मारते आणि शेवटी कोणाचेच पुरते होत नाही.

जार्स ऑफ क्ले यांचा पहिला, बँडच्याच नावाचा अल्बम याहून फार वेगळ्या वाटेने आला. इलिनॉयमधील ग्रीनव्हिल कॉलेजात शिकणाऱ्या या मुलांकडे ड्रमवादक नव्हता. त्यांच्याकडे अकूस्टिक गिटारी होत्या, पियानो होता, आणि ठेका यंत्रावर बसवलेला होता. त्यावर व्हायोलिन-चेलोचे थर चढले आणि एक असा नाद तयार झाला जो त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. बँडचे नाव करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील मातीच्या भांड्यांवरून घेतलेले आहे. ‘किंग क्रिम्सन’चे गिटारवादक एड्रियन बिल्यू यांनी या अल्बमातील दोन गाण्यांची निर्मिती केली, आणि त्यातले एक होते ‘फ्लड’. स्टोन रोझेसचा पहिला अल्बम काढणाऱ्या ‘सिल्व्हरटोन’ कंपनीने ते सर्वसाधारण रॉक रेडिओकडे नेले आणि ते तेथे जोरात वाजले.

‘फ्लड’ पुन्हा लक्ष देऊन ऐकले तर त्याच्या यशाचे कारण समजते. अकूस्टिक गिटारीवरचा तोडून तोडून वाजवलेला झपाटा सुरुवातीपासून जवळजवळ थांबत नाही, आवाज मुद्दाम खालच्या पट्टीत दाबून ठेवलेला आहे, आणि ध्रुवपदात तो वर येतो तेव्हा बुडणाऱ्या माणसाने पाण्याबाहेर तोंड काढावे तसे वाटते. चाळीस दिवसांचा पाऊस, चिखल, पोहून थकलेला माणूस आणि मला वर उचल अशी याचना, इतकेच गाण्यात आहे. येशूचे नाव एकदाही येत नाही. ज्याने नोहाची गोष्ट वाचली आहे त्याला सारे कळते, आणि ज्याने वाचलेली नाही त्यालाही बुडणे म्हणजे काय ते ठाऊक असतेच. याच अल्बमातील ‘ही’ हे गाणे घरात मार खाणाऱ्या मुलाविषयी आहे आणि ते ऐकताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. ‘लव्ह साँग फॉर अ सेव्हियर’ मात्र मला फार गोड वाटते, आणि तेच मंडळ्यांमध्ये सर्वाधिक गायले गेले याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

त्या वर्षी देवाविषयी बोलणारे संगीत ख्रिस्ती कंपन्यांपुरते मर्यादित नव्हते, हेही येथे नोंदवायला हवे. जोन ऑस्बोर्न यांच्या ‘रेलिश’मधील ‘वन ऑफ अस’ या गाण्याने देव आपल्यासारखाच एक सामान्य माणूस असता तर काय, असा प्रश्न विचारला आणि अमेरिकेत त्यावर बरीच चर्चा झाली. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठ्ठल लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला त्या चर्चेचे थोडे हसू येते. पीजे हार्वी यांचा ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’ हा मात्र वेगळ्या तोडीचा अल्बम आहे. त्या स्वतः कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती गायिका नाहीत, पण वाळवंट, पूर, सैतान आणि याचना हे पवित्र शास्त्रातले सारे सामान त्यांनी ब्ल्यूजच्या मार्गाने उचलले आहे. शीर्षकगीत गिटारीच्या एकाच रांगड्या तुकड्यावर उभे राहते आणि तेथून हलतच नाही. त्या वर्षीच्या कोणत्याही ख्रिस्ती अल्बमापेक्षा त्यात देवाची भीती जास्त आहे, असे माझे मत आहे. या अल्बमाच्या निर्मात्यांपैकी एकाचे टोपणनाव ‘फ्लड’ हेच आहे, हा निव्वळ योगायोग. त्याच ‘फ्लड’ने त्या वर्षी स्मॅशिंग पम्पकिन्सचा अठ्ठावीस गाण्यांचा ‘मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस’ही सांभाळला. तो मला अर्धाच आवडतो. रेडिओहेडचा ‘द बेंड्स’ पूर्ण आवडतो, परंतु त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की मी येथे भर घालत नाही.

आता ज्या अल्बमांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. ब्रँडन एबेल यांनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘टूथ अँड नेल’ या छोट्या कंपनीने ख्रिस्ती रॉकला एक मोठी मोकळीक दिली, ती अशी की गाण्यात देव आलाच पाहिजे ही अट तिने जवळजवळ सोडून दिली. रिव्हरसाइडच्या जेसन मार्टिन यांचा स्टारफ्लायर ५९ हा बँड याच कंपनीचा. पहिल्या अल्बमाचे मुखपृष्ठ नुसते रुपेरी होते, दुसऱ्याचे, म्हणजे १९९५ च्या ‘गोल्ड’चे, नुसते सोनेरी. यातील बहुतेक वाद्ये मार्टिन यांनी एकट्यानेच वाजवली आहेत. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या धाटणीचे गिटारींचे जाड, लहरणारे थर आणि त्यांच्याखाली जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज, असा हा मामला आहे. ‘ए हाउसवाइफ लव्ह साँग’ किंवा ‘व्हेन यू फील मिझरेबल’ यांत ना उपदेश आहे ना साक्ष. एका तरुणाचे फसलेले प्रेम आणि उदासी आहे, आणि ती त्याने कोणत्याही वचनाने झाकलेली नाही. ख्रिस्ती दुकानाच्या फडताळावर हा अल्बम विकायला ठेवणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाला काय सांगावे असा प्रश्न पडला असणार.

सिक्सपेन्स नन द रिचर यांना बहुतेक लोक ‘किस मी’ या एका गाण्यावरून ओळखतात, आणि ते गाणे गाजायला १९९९ उजाडले. त्याच्या चार वर्षे आधीचा ‘धिस ब्यूटिफुल मेस’ ऐकला तर हा तोच बँड आहे यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो. टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्सचे मॅट स्लोकम गाणी लिहीत, गिटार आणि चेलो वाजवत, आणि ली नॅश, त्या वेळच्या ली बिंगहॅम, गात. त्यांचे वय तेव्हा अठरा-एकोणीस. आवाज लहान मुलीसारखा निर्मळ आणि सभोवती खरखरीत गिटारी, या विरोधावर हा सारा अल्बम तोललेला आहे. ‘लव्ह, सॅल्व्हेशन, द फिअर ऑफ डेथ’ या गाण्यात प्रेम, तारण आणि मृत्यूचे भय हे तिन्ही एका दमात येतात आणि त्यांतले कोणते शेवटी वरचढ ठरले हे गाणे सांगत नाही. ली यांचा आवाज कोठेही चढत नाही, दुखावलेलाही वाटत नाही. त्या जणू दुसऱ्याच कोणाचे पत्र वाचून दाखवत आहेत, आणि म्हणून ते शब्द अधिक लागतात. हा अल्बम काढणारी ‘आर.ई.एक्स.’ कंपनी पुढे बुडाली आणि करारात अडकलेल्या या बँडला बराच काळ काही करता आले नाही.

आणि माझ्या लेखी त्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणजे द प्रेयर चेनचा ‘मर्क्युरी’. दक्षिण कॅलिफोर्नियातील या चौघांचा १९९३ चा ‘शॉल’ हा ग्रंजच्या जवळ जाणारा, तरुण मंडळ्यांना आवडणारा अल्बम होता. त्याच वळणाचा दुसरा दिला असता तर सगळे खूश झाले असते. त्यांनी ‘द क्वायर’ या बँडचे स्टीव्ह हिंडालाँग आणि ख्रिस कोलबर्ट यांच्या सोबतीने काहीतरी संथ, गुंगवणारे, ध्रुवपदाची ओढ जवळजवळ सोडून दिलेले संगीत तयार केले आणि त्याला ‘हम्ब’ असे नाव दिले. कंपनीला ते पटले नाही. बदल करावे लागले, आणि अखेर जे बाहेर आले ते ‘मर्क्युरी’. त्यानंतर बँड फार काळ टिकला नाही.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना गायक टिम टेबर कोठे आहेत असे वाटते, कारण त्यांचा आवाज वाद्यांच्या मागे, जवळजवळ भिंतीपलीकडे ठेवलेला आहे. पुढे आहेत वेन एव्हरेट यांचे ड्रम्स, झांजा कमी आणि घुमणारे खोल ठोके जास्त, आणि त्यावर अँडी प्रिकेट यांची गिटार, जी सुरांपेक्षा तानपुऱ्यासारखी एक अखंड आस धरून ठेवते. भारतीय कानाला यात काहीतरी ओळखीचे सापडते. ‘वॉटरडॉग्ज’मध्ये हा ठेका तुम्हाला ओढून नेतो, ‘सन स्टोन्ड’मध्ये तोच इतका सैल होतो की गाणे संपते आहे की विरघळते आहे ते कळत नाही. शब्द थकलेल्या माणसांचे आहेत. त्यांनी श्रद्धा सोडलेली नाही, पण ती इतरांना विकण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नाही, आणि हे त्यांनी कोठे स्पष्ट न सांगताही प्रत्येक गाण्यात ऐकू येते. ‘जीझस फ्रीक’ लोक आपल्याला काय म्हणतील असे विचारतो. ‘मर्क्युरी’ला लोक आठवतच नाहीत. कंपनीने हात घालण्यापूर्वीचे मूळ रूप पुढे ‘हम्ब’ या नावाने उपलब्ध झाले. ते अधिक मोकळे आहे, तरी मी अजून ‘मर्क्युरी’च निवडतो, कारण त्यातला घट्टपणा मला हवासा वाटतो.

अ‍ॅडम अगेनच्या ‘परफेक्टा’चा उल्लेख राहून जाता कामा नये. या बँडचे जीन युजीन हंटिंग्टन बीच येथे ‘ग्रीन रूम’ नावाचा स्टुडिओ चालवत आणि तेथे कॅलिफोर्नियातील कितीतरी ख्रिस्ती बँडांनी आपले काम ध्वनिमुद्रित केले. मार्च २००० मध्ये त्याच स्टुडिओत त्यांचे निधन झाले. वय अवघे ३८. ‘परफेक्टा’ हा त्यांच्या बँडचा शेवटचा अल्बम, खडबडीत आणि काही ठिकाणी मुद्दाम बेसूर वाटावा असा. मला तो मनःस्थिती पाहूनच लावावा लागतो. एमएक्सपीएक्सचा ‘टीनेज पॉलिटिक्स’ अगदी उलट, विशीही न गाठलेल्या मुलांचा पंक, तो केव्हाही चालतो.

यांपैकी काहीच ऐकलेले नसेल तर ‘फ्लड’पासून सुरुवात करावी, मग ‘धिस ब्यूटिफुल मेस’ सलग ऐकावा, आणि ‘मर्क्युरी’ रात्री हेडफोन लावून, मध्ये गाणे न बदलता. ‘गोल्ड’साठी मात्र आवाज मोठा हवा, म्हणजे शेजारी चांगले असावेत.