दगडाला आंघोळ

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांनी एवढंच लक्षात घ्या की आमच्यात पाण्याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. तर अशा घरात रविवारी सकाळी मी चहाच्या आधी एका डब्यात पाणी घेतो, त्यात विटेपेक्षा जरा लहान असा दगड बुडवतो आणि त्यातनं बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, नुसता बघत बसतो. आई मागनं जाताना म्हणते, "माणसं अर्ध्या बादलीत भागवायलेत आन् ह्यो दगडाला आंघोळ घालायलाय." हे पाणी नंतर तुळशीला घालतो असं मी एकदा बोललो, तर म्हणे लोखंडाचा चिखल माझ्या तुळशीला घालू नकोस.

छंद म्हणजे सुऱ्यांना धार लावणे. सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण लोकांचे छंद कसे सांगण्यासारखे असतात, कुणी गड चढतं, कुणी पक्ष्यांचे फोटो काढतं. मी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "का बे, कुणाचा काटा काढायलायस का काय?"

वर अजून एक गोची. आमच्या गावच्या खाण्यात सुरीला तसं कामच नाही. कडक भाकरी हातानं मोडायची, शेंगाचटणी उखळात कुटायची, हुरडा तळहातावर चोळून तोंडात टाकायचा, आणि ज्याच्यासाठी सुरी लागेल तो कांदा तर बुक्की मारून फोडायचा, त्याशिवाय त्याला चवच लागत नाही असं मानणारी आमची माणसं. म्हणजे मी पोहायला शिकलो आणि गावात विहीर नाही असा प्रकार.

सुरुवात टोमॅटोपासून झाली. ऑफिसला निघायच्या आधी कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरायला गेलो, सुरी सालावरनं घसरली, मग रागानं दाबली तर टोमॅटो फुटला आणि सगळा रस शर्टावर. शर्ट बदलला, राग काही बदलला नाही. त्याच संध्याकाळी मधल्या मारुतीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातनं काळपट रंगाचा एक दगड आणला, एक बाजू खरखरीत, दुसरी त्यातल्या त्यात मऊ. त्या दगडाबद्दल नंतर वाचलं ते मला फार आवडलं. आपल्याकडे धार लावायला पूर्वापार कुरुंद नावाचा कडक दगड वापरायचे, त्यालाच तमिळमध्ये कुरुंदम, आणि त्यावरनं इंग्रजीत कोरंडम. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन नावाचा माणूस माती आणि कोक एकत्र करून त्यातनं वीज सोडत होता, त्याला हिऱ्यासारखं काहीतरी कडक बनवायचं होतं, तर चमचमणारे बारीक खडे मिळाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण आहे म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते होतं सिलिकॉन कार्बाईड, कोरंडमचा त्यात पत्ताच नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि माझा काळपट दगड त्याचाच. म्हणजे आपला कुरुंद चुकून अमेरिकेला जाऊन परत मधल्या मारुतीला आला.

पाण्यात भिजवायचे ते दगड मी नंतर मागवले, हजार नंबरचा आणि सहा हजारचा. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. आणि इथंच मी महिनाभर येडा झालो. मला वाटायचं बारीक दगड म्हणजे भारी दगड, म्हणून सगळा वेळ सहा हजारवर घासत बसायचो, पातं असं चकचकीत व्हायचं की दाढी करताना तोंड बघावं, आणि टोमॅटोवर ठेवली की आधीसारखीच घसरायची. चकचकीत आणि बोथट. अशी माणसंपण असतात, पण ते जाऊ दे.

चूक कुठं होती ते अंगठ्यानं सांगितलं. हजारच्या दगडावर एकाच बाजूनं सुरी घासत राहायची, घासताना तिरकस धरायची, साधारण वीस अंशात. वीस अंश कसं मोजायचं तर चौकोनी कागदाचा कोपरा घ्या, तो ९०, एकदा दुमडला ४५, परत दुमडला साडेबावीस, तो दगडावर उभा ठेवायचा आणि सुरी त्याच्यापेक्षा किंचित झोपवायची. पात्याच्या कडेला मुलीच्या मार्करनं काळी रेघ ओढली की आणखी सोपं, जिथला काळा रंग गेला तिथं दगड लागतोय, जिथला राहिला तिथं नुसता हात हलतोय. असं घासता घासता पोलाद कडेला इतकं पातळ होतं की ते पलीकडच्या बाजूला कलंडतं. मग पलीकडनं अंगठा पात्यावरनं धारेच्या बाहेर सरकवायचा, आडवा, धारेच्या रेघेत कधीच नाही, आणि अंगठ्याला काहीतरी अडतं. डोळ्याला दिसत नाही. केसाचं टोक खुपावं तसं, सुरीच्या मुठीपासून टोकापर्यंत. कारखान्यातली माणसं त्याला बर म्हणतात. ही बर आली म्हणजे तुम्ही खरोखर कडेपर्यंत पोचलात, नाही आली तर बाजू बदलून उपयोग नाही. मी महिनाभर बर न काढताच पॉलिश करत होतो. पहिल्यांदा बर लागली तेव्हा मी बायकोला हाक मारून अंगठा फिरवून बघ म्हणालो, तिनं लांबनंच बघितलं आणि म्हणाली, "अहो, गॅसवर दूध आहे."

बर उतरवायला पट्टा. माझा जुना चामड्याचा कमरपट्टा फळीवर चिकटवलाय, त्याला क्रोमियम ऑक्साईडची हिरवी पेस्ट चोळतो. इथं सुरी उलटी चालवायची, पाठ पुढं आणि धार मागं, नाहीतर पट्टाच कापला जातो. माझा एक कापलाय. लहानपणी आमच्या गल्लीत न्हावी असाच वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा, चट् पट् चट् पट्, टोकाला गेला की वस्तरा पाठीवरनं उलटायचा, बघायचासुद्धा नाही, तोंडानं बाबांशी ऊसदराच्या गप्पा चालू. आता सगळीकडे ब्लेड अर्धं मोडून घालतात आणि गिऱ्हाईक बदललं की टाकून देतात, ते बरोबरच आहे, पण तो आवाज गेला. माझ्या फळीवर तो तसा येत नाही. वेग नाही आपल्याला.

तर दीड-दोन वर्षांत हात बसला. कागद हवेत धरून सुरी सोडली की आवाज न करता दोन तुकडे. आणि मग मी ती चूक केली जी प्रत्येक शिकाऊ माणूस करतो, गल्लीत बोललो. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात, आमच्या भागात तर यंत्रमागालाही झेंडूच्या माळा घालतात, तर आदल्या दिवशी आमच्या दारात ईळ्या, अडकित्ते, नारळ फोडायचे कोयते अशी रांग लागली. शेजारच्या अक्कांनी बिडीची पानं कापायची कात्री आणून दिली. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बायका किती आहेत हे इथं राहणाऱ्याला माहितीय. भिजवलेलं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा, आणि कात्री इतक्या वेगानं फिरते की पान कधी कापलं ते कळत नाही. मजुरी हजार बिड्यांच्या हिशोबानं.

मी कात्री रात्री अकरापर्यंत घासली. बाहेरनं घासली, आतनं घासली, पट्ट्यावर फिरवली, अशी लखलखीत करून दिली की अक्कांनी हळदकुंकू लावताना माझं नाव घेतलं. नवमी झाली, दसरा झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का कात्री घेऊन दारात. काही बोलल्या नाहीत, खिशातनं काढावं तसं पदराआडनं एक पान काढलं आणि कापून दाखवलं. कापलंच नाही. दोन पात्यांच्या मध्ये पान नुसतं दुमडून बसलं, शाळेतल्या वहीत पिंपळपान ठेवावं तसं. अर्धा दिवस गेला होता त्यांचा.

बाजारात एक शिकलगार बसतात, वय सत्तरीच्या पुढं असेल. शिकलगार शब्दाचं मूळ अरबी, सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची हीच कामं. पूर्वी सायकल स्टँडवर उभी करून पायडलनं चाक फिरवायचे, आता छोटी मोटर आहे. त्यांनी कात्री उघडली, उजेडात धरली, मिटली, परत उघडली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आतनं घासलं का काय मालक?" मी हो म्हणालो. मग त्यांनी मला पाच मिनिटात ते सांगितलं जे मी दोन वर्षं बघितलेल्या व्हिडिओंत ऐकलंच नव्हतं, कारण मी कात्रीचे व्हिडिओ बघितलेच नव्हते. कात्रीची दोन पाती आतनं किंचित पोकळ असतात, मिटताना ती सगळीकडनं चिकटत नाहीत, फक्त जिथं कापायचं त्या एका ठिकाणी एकमेकाला भिडतात आणि तो भिडायचा बिंदू टोकापर्यंत सरकत जातो. धार बाहेरच्या उतरणीला लावायची. मी आतनं गोलाई घालवली, मध्ये फट पडली, फटीत पान गेलं. त्यांनी रिव्हेट काढून दोन्ही पाती वेगळी केली, चाकावर धरली, ठोकून परत बसवली आणि ओली चिंधी टोकानं कापून दाखवली. चाळीस रुपये घेतले. मी शंभर देत होतो, म्हणाले कशाला, काम चाळीसचं हाय. अक्कांनी त्यानंतर कात्री माझ्याकडं दिली नाही. गणपतीला मोदक मात्र देतात, त्यामुळं राग नसावा.

एवढं सगळं झालं तरी घरात एक सुरी आहे जिला मला हात लावायची परवानगी नव्हती. आईची. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तिथनं कधीतरी घेतलेली, लाकडी मूठ, पातं झिजून बोटाएवढं झालेलं. ईळीला धार पाहिजे असली की आई कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं चार वेळा ओढते, आणि खरं सांगायचं तर बुडाला ग्लेझ नसतं आणि भाजलेली माती पोलादापेक्षा कडक असते, त्यामुळं धार येते. पण या सुरीला तिनं कप कधीच दाखवला नाही. मला वाटायचं आळस. एका रविवारी ती देवळात गेली तेव्हा मी ती सुरी घेतली, हजार, सहा हजार, पट्टा, सगळं व्यवस्थित केलं, दंडावरचे केस उडवून बघितले आणि जागच्या जागी ठेवून दिली.

दुपारी आई बटाटा चिरायला बसली. ती पाटावर चिरत नाही. बटाटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, पातं बटाट्यातनं आरपार येतं आणि थेट उजव्या अंगठ्यावर थांबतं. चाळीसेक वर्षं असंच थांबतंय, त्या अंगठ्याच्या पेरावर काळ्या बारीक रेघा आहेत, एकीला एक समांतर, आणि एकही जखम नाही. मी हे रोज बघत होतो आणि कधीच बघितलं नव्हतं. पहिली फोड पडली, दुसरी पडली. आईनं अंगठा बघितला. लाल रेघ, केसाएवढी.

मी काहीतरी बोलणार होतो. ती उठली, बाहेर पायरीपाशी गेली, पायरीच्या दगडावर धार उभी टेकवली आणि दोनदा ओढली, खर्र, खर्र. अंगठ्यावर ठेवून बघितली. आणखी एकदा ओढली. मग आत येऊन उरलेला बटाटा चिरायला घेतला.