ब्रश निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं नाही

सायटॉलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तरी सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच रिपोर्टवर, पित्तनलिकेच्या ब्रशवर. पेशंट कावीळ होऊन आलेला असतो, अंगाला खाज, लघवी गडद, स्कॅनमध्ये नळी एका जागी आवळलेली दिसते, मग ईआरसीपी होते, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचतात, ब्रश घासून सँपल आमच्याकडे येतं, आम्ही "कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत" असं लिहितो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला नेमकी तिथेच धास्ती वाटते. कारण खरोखर कॅन्सर असलेल्या लोकांमध्येसुद्धा ढोबळमानाने निम्म्या वेळा ब्रश निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आला तर जवळजवळ नेहमी खराच असतो, पण निगेटिव्हवर विसंबून बसता येत नाही.

असं का होतं ते ब्रश बघितला की लगेच कळतं. बारीक तारेच्या टोकाला इवलेसे केस, ते आवळलेल्या जागेतून पुढेमागे घासायचे, म्हणजे हाताला लागतं ते फक्त वरचं अस्तर. गाठ मात्र बऱ्याचदा नळीच्या भिंतीत असते, आणि तीही चिवट तंतूंनी भरलेली, तिथून पेशी सहज सुटतच नाहीत. कधी तर नळीत काहीच नसतं, स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ बाहेरून दाबत असते, मग ब्रशला निरोगी अस्तर मिळणार, दुसरं काय मिळणार? वर ब्रश एकटाच दुर्बिणीच्या चॅनेलमधून ओढून काढला तर मिळालेल्या पेशीही वाटेत पुसल्या जातात, म्हणून तो त्याच्याभोवतीच्या आवरणाच्या नळीसकट काढायचा, टोक कापून थेट बाटलीतल्या द्रावात टाकायचं आणि ती नळीही धुऊन घ्यायची. शक्यतो स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकायच्या आधीच ब्रश घ्यावा, कारण स्टेंट घासून घासून सूज आली की चांगल्या पेशीही इतक्या विचित्र दिसतात की आम्हाला "संशयास्पद बदल" असं काहीतरी मधलंच लिहावं लागतं, आणि त्याने कुणाचंच समाधान होत नाही.

ब्रशच्या जोडीला चिमट्याने तुकडा घेतला तर फरक पडतो, कोलँजिओस्कोप नळीत घालून डोळ्याने बघत तुकडा घेतला तर अजून बरं, पण खात्री त्यातही नाही. पेशी धड इकडच्या ना तिकडच्या दिसल्या तर फिश टेस्ट करतात, त्यात ३, ७ आणि १७ नंबरची गुणसूत्रं आणि ९ नंबरचा एक छोटा भाग रंगीत ठिपक्यांनी मोजतात. मला ही टेस्ट आवडते, जिथे नुसते डोळे अडतात तिथे ती कामी येते.

स्वादुपिंडाचं गणित वेगळं. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पीटर विलमन आणि सहकाऱ्यांनी एंडोस्कोपच्या टोकाच्या सोनोग्राफीने बघत स्वादुपिंडात सुई घातल्याचं प्रसिद्ध केलं, आणि आज घट्ट गाठीसाठी हीच पद्धत, म्हणजे ईयूएस, पहिली पसंती. डोक्याकडची गाठ ड्युओडेनममधून (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून), मधली नि शेपटीकडची जठरातून. सुया १९, २२, २५ गेजच्या, नंबर मोठा तितकी सुई बारीक, आणि ड्युओडेनमच्या वळणावर २५ ची छान वाकते. सुई एकाच रेषेत खुपसत राहायची नसते, गाठीत पंख्यासारखी दिशा बदलत फिरवायची. हल्ली एफएनबीच्या, म्हणजे सुईने तुकडा काढायच्या, खास टोकाच्या सुया आल्यात, त्यातून पांढरट दोऱ्यासारखा अख्खा तुकडा निघतो, कमी वेळा टोचून काम होतं आणि पुढच्या टेस्टनाही माल उरतो.

मी कधीकधी मायक्रोस्कोप घेऊन एंडोस्कोपी रूममध्येच बसते. सुईतला थेंब काचेवर पडला की दुसरी काच ठेवून ओढायची, एक स्लाइड हवेत सुकवून डिफ-क्विकने रंगवायची आणि दुसरी लगेच अल्कोहोलमध्ये, ती घालायला जरा उशीर झाला तरी पेशी फुगतात आणि केंद्रकाचा तपशील जातो. निरोगी नलिकेच्या पेशी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकसारख्या बसलेल्या असतात. कॅन्सरमध्ये तेच पोळं विस्कटतं, आणि एकाच चादरीत शेजारच्या केंद्रकाच्या चौपट मोठं केंद्रक दिसलं की माझा हात थांबतो.

सगळीकडे सुई घालायचीच असंही नाही हं. यकृताच्या तोंडाशी पित्तनलिकेची गाठ असेल आणि यकृत प्रत्यारोपणाचा विचार चालू असेल तर त्या गाठीत सुई घालत नाहीत, वाटेत पेशी सांडून रोग पसरायची भीती असते. आणि स्वादुपिंडाची गाठ थेट काढता येण्यासारखी असून स्कॅन स्पष्ट असेल तर सँपलशिवायही ऑपरेशन करतात, आधी केमो द्यायची असेल तर मात्र पेशींचा पुरावा लागतोच.

स्वादुपिंडातल्या सिस्टचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीचं, पाणी आलं की त्यात सीईए नावाचं प्रथिन, ग्लुकोज आणि अमायलेज हे एन्झाइम बघायचं. सीईए १९२ च्या वर किंवा ग्लुकोज ५० च्या खाली असेल तर सिस्ट म्युसिनवाली, म्हणजे चिकट स्राव करणारी, असण्याकडे कल जातो. पण एकदा शेपटीच्या सिस्टचं सँपल आलं, फॉर्मवर सुई कुठून घातली ते लिहिलेलंच नव्हतं, पाणी इतकं थोडं की केमिस्ट्रीला काही उरलंच नाही, आणि स्लाइडवर म्युसिनच्या पेशींच्या सुरेख चादरी. मी "म्युसिनस सिस्ट" लिहायला घेतलंसुद्धा होतं. सहज म्हणून फोन केला तर कळलं सुई जठरातून गेली होती, आणि जठराचं अस्तर हुबेहूब तसंच दिसतं, म्हणजे मी बघत होते ते बहुतेक सुईने वाटेत खरवडून आणलेलं. तेव्हापासून फॉर्मवर "जठरातून" की "ड्युओडेनममधून" हा एक शब्द नसेल तर मी स्लाइड बाजूला ठेवते आणि आधी फोन लावते.