रतीब व्यायामाचा : अकरावा आठवडा

आधी आकडे. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून आठवड्याला 3 या हिशोबाने 33 वेळा पळायला हवं होतं, पळालो 24 वेळा. खाडे 9. पावसाचे 3, गणपतीचे 2, नवरात्राचे 3 (गरब्याहून रात्री एकला परतून पहाटे साडेपाचला उठणारा बडोदेकर माझ्या तरी पाहण्यात नाही) आणि 1 निव्वळ आळसाचा.

नव्यांसाठी सांगतो, मी 'काउच टू 5के' करतोय, म्हणजे सोफ्यावरून उठून थेट 5 किलोमीटर पळण्यापर्यंत. जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने 1996 मध्ये आखलेला 9 आठवड्यांचा क्रम. सुरुवात अगदी सोपी : 60 सेकंद पळा, 90 सेकंद चाला, असं 20 मिनिटं. सोपी म्हणजे कागदावर. दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना मी दोर धरून उलटा उतरलो. मांड्यांचं हे दुखणं एक ते तीन दिवसांत कळस गाठतं आणि आपोआप ओसरतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

यापूर्वी दोनदा जिमची वर्षाची फी भरून महिन्याच्या आत सोडलंय. दोन्ही वेळा एकच घडलं : एक दिवस चुकला, मग लाज वाटली, मग जाणंच थांबलं. या वेळी पावसाने पहिला खाडा झाला तेव्हा मी बूट माळ्यावर टाकायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, गावाला गेलो की दूधवाल्याचे चार दिवस खाडे मांडतो, म्हणून रतीब बंद करतो का आपण?" तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांशेजारीच माझे खाडे, लाल पेनाने. पुढे वाचनात आलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 21 दिवसांचं जे सगळीकडे सांगतात, ते मी सोडून दिलंय.

क्रमातल्या पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस मात्र अवघड. त्याच्या आदल्या वेळी 8-8 मिनिटांचे दोन तुकडे असतात आणि आता एकदम न थांबता 20 मिनिटं. कमाटी बागेत काळ्या घोड्याच्या (सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या) बाजूने आत शिरलो, फुलांच्या घड्याळापासून निघालो आणि तेराव्या मिनिटाला बाकावर कोसळलो. बागेचा चौकीदार म्हणाला, "काका, धीमे धीमे!" चूक त्याने नेमकी पकडली होती, मी शर्यतीसारखा धावत होतो. तो आठवडा पुन्हा केला, या वेळी पळता पळता मोठ्याने सतराचा पाढा म्हणत. 'सतरा पाचे पंच्याऐंशी'ला धाप लागली तर वेग कमी करायचा. फिरायला आलेले लोक वळून बघतात, बघू देत. 20 मिनिटं पुरी झाली तेव्हा पाढे एकोणिसापर्यंत पोचले होते.

घरापासून जवळच जुम्मादादा व्यायाममंदिर. व्यायामशिक्षक प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेला हा आखाडा. त्याच्यासमोरून चाळीस वर्षं स्कूटर नेली, आत पाऊल नाही ठेवलं. दंड-बैठका शिकायला जाईन म्हणतो, पण एका वेळी एकच रतीब.

सध्या क्रमातला सातवा आठवडा उरकलाय, म्हणजे सलग 25 मिनिटं. डाव्या नडगीला अजून कळ येते. बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय, त्यामुळे असेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा. सोमवारपासून 28 मिनिटं. दिवाळीचे 2 खाडे आधीच पेन्सिलीने मांडून ठेवलेत. बायकोने फराळाच्या डब्यांकडे बघून त्याचे 4 केले.