आमचा ओला रविवार

आमच्या गाडीवेड्यांच्या मंडळाचा ओला रविवार, म्हणजे ओल्या काँक्रीटवर गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकण्याचा दिवस, दरवर्षी जूनमध्ये येतो. चाकणच्या बाजूला एका गोदामामागे घोटीव काँक्रीटचं मोठं आवार आहे. मालक ते दिवसभरासाठी देतात, एक पैसा न घेता. गणपतीच्या तसबिरीला हार, नारळ, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि खजिनदारांचा हिशोब हे सगळं साडेआठच्या आत उरकतं. उरकायलाच हवं, कारण ऊन निघालं की काँक्रीट वाळायला लागतं.

ड्रिफ्ट, म्हणजे मागची चाकं घसरवत गाडी तिरकी चालवणं, म्हटलं की लोकांना टायरचा धूर आणि कर्कश आवाज आठवतो. आमच्याकडे यातलं काहीच नसतं. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोरड्या काँक्रीटवर गाडी सुटायला, म्हणजे घसरायला, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. पकड पाव झाली की तीच गाडी १५-१६ वर सुटते. म्हणून तर पाणी. वेग कमी, टायरची झीज नगण्य, आणि शिकणाऱ्याला विचार करायला क्षणभर उसंत मिळते. पुढे चांगले टायर आणि मागे गुळगुळीत झालेले, एवढीच काय ती तयारी. गाडी मात्र मागच्या चाकांवर चालणारी हवी. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, त्या इथे नुसत्या सरळ घसरत जातात.

सदाशिव पेठेतले आमचे अण्णा त्यांची कॉन्टेसा, हिंदुस्तान मोटर्सची जुनी मोठी गाडी, घेऊन येतात. ती वर्षातून दोनदाच बाहेर पडते, दसऱ्याच्या पूजेला आणि आमच्याकडे. पहिली फेरी मानाने त्यांचीच. लांबलचक बोनेट आत वळवून मागचा भाग हळूहळू बाहेर सोडत ते पूर्ण वर्तुळ काढतात, खुणेसाठी मांडलेला एकही प्लास्टिकचा कोन न पाडता. मग पोरांना जपानची गोष्ट सांगतात: ड्रिफ्टसाठी प्रसिद्ध झालेले चालक केइची त्सुचिया घाटातल्या वळणांवर कसे तयार झाले आणि टोयोटाच्या छोट्याशा एई८६ ला त्यांनी कशी कीर्ती मिळवून दिली. गोष्ट संपली की अण्णा दरवर्षी बजावतात, ‘ते त्यांचं झालं. आपल्याकडे ताम्हिणीत किंवा सिंहगडावर कुणी असलं काही केलं, तर त्याला इथे पाय ठेवू देणार नाही.’ दोन मुलांना त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं. तेव्हा बरीच कुरबुर झाली. मला ते शंभर टक्के पटलं होतं आणि आजही पटतं.

पण माझा जीव अडकलेला असतो तो मंडळाच्या मारुती ओम्नी व्हॅनमध्ये. १९८४ ते २०१९ पर्यंत बनलेली ही गाडी, ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. कोरड्यावर हिच्याकडून ड्रिफ्टची अपेक्षाच करू नये. ओल्यावर मात्र हिच्यासारखी मास्तरीण नाही. नवशिक्याने पंचविसावर आणायची, स्टिअरिंग वळवून हँडब्रेक ओढायचा आणि लगेच सोडायचा. मागचं सुटलं की काउंटर द्यायचा, म्हणजे गाडीचं शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. नजर जिथे जायचंय तिथे. आणि ब्रेकला पाय लावायचा नाही! पहिल्या खेपेला सगळेच ब्रेक दाबतात आणि गाडी गर्रकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभी राहते. असं चार-पाच वेळा होतं. मग एका खेपेला हात आपसूक उलटे जातात, गाडी तिरकी होते आणि तिरकीच राहते. ते दोन-तीन सेकंद बघायला मी वर्षभर थांबतो.

आमच्याकडे नियम आहे की ज्याला पहिल्यांदा गाडी सावरता आली त्याने जेवणानंतर माइकवर दोन शब्द बोलायचे. गेल्या वर्षी धनकवडीच्या एक काकू आल्या होत्या. स्वतःची स्कूल व्हॅन चालवतात. पावसाच्या चिखलात एकदा, मुलं बसलेली असताना, त्यांची व्हॅन उतारावर घसरली होती. कुणाला काही लागलं नाही, पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. दुपारपर्यंत त्यांना काही जमेना. साडेबाराच्या सुमारास जमलं आणि त्या एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा सावरून आल्या. माइकवर त्या एवढंच म्हणाल्या, ‘गाडी घसरली तर काय करायचं ते माझ्या हातांना आता माहीत आहे. उद्या पोरांना शाळेत सोडताना मी व्हॅन आणखी हळू चालवणार आहे.’ पुढचं त्यांना बोलवेना. अण्णांनी उठून हात जोडले. माझेही डोळे भरून आले आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

हे ऐकायला निम्मी मंडळी जागेवर नव्हती, याचं दुःख मोठं आहे. सकाळी कॉन्टेसाबरोबर फोटो काढायचे, पिठलं-भाकरी खायची आणि ट्रॅफिकचं कारण सांगून निघायचं, हे आता नेहमीचं झालंय. ग्रुपवर ‘नक्की येतो’ लिहून न येणारे जुने सभासद तर वेगळेच. अरे, दिवसाचं सार दोन वाजता असतं!

आता आभार, आणि कुणी सुटू नये म्हणून सविस्तर. टँकरवाले दादा सगळ्यांत आधी. ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणतात, कारण जूनमध्ये पिण्याचं पाणी जमिनीवर ओतणं आम्हाला कधीच पटलं नसतं. ते नुसतं पाणी टाकत नाहीत, आवार एकसारखं ओलं राखतात. मधे कोरडा पट्टा राहिला तर घसरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळते आणि ओम्नीसारखी उंच गाडी तिथेच उलटू शकते. आमचा दिवस सुरक्षित पार पडतो तो त्यांच्या नजरेवर. रुग्णवाहिकेजवळून न हलणाऱ्या डॉक्टरताई. कोन उचलून उचलून पाठ धरलेली अभियांत्रिकीच्या बाहा टीमची, म्हणजे स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधणारी, मुलं. जुने टायर फुकट देणारे भोसरीचे टायरवाले चाचा. हँडब्रेकची केबल तुटली तेव्हा नाना पेठेत जाऊन ओळखीच्या दुकानदाराला रविवारी शटर उघडायला लावणारा खजिनदारांचा भाचा. भाकऱ्या थापणाऱ्या चारही वहिनी. माइक देणारं शेजारचं गणेश मंडळ. हेल्मेटं धुऊन वाळवून आणणारे सहचिटणीस. आणि गोदामाचे वॉचमन मामा, जे पहाटे पाचला उठून अख्खं आवार झाडतात, कारण एक खडा राहिला तरी टायर फाटतो. सत्काराच्या यादीत त्यांचं नाव आजवर आलेलं नाही. यंदा पहिला नारळ त्यांच्या हातून वाढवावा, असं मी कार्यकारिणीला लेखी कळवलं आहे.