सव्वा फुटाचा रूळ

माझं लहानपण नेरळला गेलं, आणि छोट्या रुळांच्या गाड्यांचा विषय निघाला की मी बोलत सुटतो. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: "तुमची सगळ्यांत आवडती छोटी रेल्वे कुठली?" माझं उत्तर माथेरानच असणार, हे विचारणाऱ्याने धरलेलंच असतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगतो. माथेरानची गाडी मला घरच्या माणसासारखी. जीव मात्र जडलाय तो इंग्लंडात डर्बीजवळच्या डफील्ड गावी, एका माणसाने आपल्या घराच्या आवारात घातलेल्या रेल्वेवर. ती रेल्वे आता नाही. तिचे रूळ पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच उखडले गेले.

तिच्यापर्यंत मी पोचलो ते नेरळच्याच इंजिनामुळे. माझ्या लहानपणी तिथे अजून वाफेची इंजिनं होती, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची, एकूण चार. विसाला एक असा चढ, त्यावर एकामागून एक वळणं. सहा चाकं दांड्यांनी एकमेकांना जखडलेली, मग हे इंजिन वळतं कसं? आमच्या आळीत एक निवृत्त फिटर काका राहत. त्यांनी अंगणात एक दांडा आणि त्यावर सैलशी नळी घेऊन मला दाखवलं: "हा आतला दांडा म्हणजे चाकांची आस, तो सरळच राहतो. चाकं बसवलीत वरच्या नळीवर. वळणावर नळी तिरकी होते, दांडा हलत नाही." मला दहाव्या वर्षी ते जादूसारखं वाटलं होतं.

पुढे वाचताना कळलं, की याच जातीची युक्ती माथेरानची लाईन सुरू होण्याच्या, म्हणजे 1907च्या, पंचवीसेक वर्षं आधी एका माणसाने घरच्या कारखान्यात करून पाहिली होती.

त्याचं नाव आर्थर हेवूड, जन्म 1849चा. खानदानी श्रीमंत, केंब्रिजला शिकलेला. त्याच्या वर्गातल्या माणसाने इंजिनियरिंगला पोटाचा धंदा करणं शोभेल, असा तो काळ नव्हता. त्याने ते घरीच केलं, पण तयारी पुऱ्या धंद्याची. तरुणपणी त्याने 9 इंची रुळावर, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 9 इंच, एक छोटी गाडी बनवली होती. गाडी धावायची, पण वर माणूस बसला की तोलाचा भरवसा नसे. तिथून त्याने आपला प्रश्न नक्की केला: रूळ किती अरुंद केला तरी त्यावरून माणूस आणि माल निर्धास्त नेता येईल? इंग्रज लष्कराने 18 इंची रुळाचे प्रयोग केले होते आणि त्यांत यश आलं नव्हतं. हेवूडने त्याहून खाली जाऊन 15 इंच ठरवले. सव्वा फूट! आपल्या माथेरानचा रूळ दोन फुटांचा आहे, म्हणजे 610 मिलिमीटर, हा 381.

1874मध्ये त्याने काम सुरू केलं. जागा मुद्दाम अवघड होती असंच मला वाटतं. घरामागे उभा डोंगरउतार. दहाला एक इतका चढ, म्हणजे माथेरानच्या दुप्पट. पंचवीस फूट त्रिज्येची वळणं, बोगदे, उंच लाकडी पूल, स्टेशनं, सिग्नल. आणि सगळी लांबी जेमतेम मैलभर. इतक्याशा रुळावर त्याने आठ जणांचा जेवणाचा डबा आणि चार जणांचा झोपायचा डबासुद्धा चालवला. मैलभराच्या प्रवासात कोण झोपणार, असं वाटेल. त्याला दाखवायचं होतं ते एवढंच की एवढ्या रुंदीत हेही बसतं.

पहिलं इंजिन 'एफी', 1875चं. मग 1881ची 'एला', सहा चाकांची, आणि इथेच ती नळी आली. 1894ची 'मुरिएल' तर आठ चाकांची, आठही चाकं ओढणारी. चढावर पकड हवी तर जास्तीत जास्त चाकं ओढती हवीत. पण चाकं वाढली की इंजिन लांबतं आणि वळणावर अडतं. हेवूडने शेवटच्या जोड्या तिरक्या होऊ दिल्या, मधल्या बाजूला सरकू दिल्या, आणि एवढं लांब इंजिन त्या पंचवीस फुटी वळणांतून काढलं. केलेलं सगळं पुस्तिकेत लिहून स्वखर्चाने छापलं, तीन-तीन दिवस बाग खुली ठेवून लोकांना बोलावलं. कुणीही यावं, पाहावं, आपल्या शेतीवाडीसाठी अशी लाईन घालावी, ही त्याची इच्छा होती.

लोक आले, पाहून गेले. गिऱ्हाईक म्हणावं असं एकच मिळालं: ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. त्याच्या ईटन हॉल या वाड्यापासून बॉल्डरटन स्टेशनापर्यंत तीन मैलांची लाईन 1896मध्ये झाली. तिच्यावरून कोळसा येई, पाहुणेही येत, आणि ती अर्धं शतक चालली. बाकी बाजार फ्रान्सच्या देकोव्हिल या छोट्या रेल्वे बनवणाऱ्याने नेला. त्याचे रूळ स्लीपरसकट तयार तुकड्यांत मिळत. आणा, जमिनीवर अंथरा, जोडा. 1889च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या 60 सेंटिमीटरच्या गाडीने साठ लाखांवर माणसं वाहिली. हेवूडची एकेक लाईन त्या जागेसाठी मोजूनमापून घडवावी लागे. माझ्या मते त्याचं गणित कुठेच चुकलं नव्हतं. दुकान मांडणं त्याला जमलं नाही, एवढंच.

(याच माणसाने 1891मध्ये इंग्लंडातल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांची मध्यवर्ती परिषद स्थापन केली. ती आजही आहे. ताल, वेळ आणि वजन यांची त्याला उपजत जाण असावी असं मला वाटतं.)

1916मध्ये हेवूड वारला आणि डफील्डची लाईन मोडीत निघाली. 'मुरिएल' फिरत फिरत कंब्रियातल्या रॅव्हनग्लास–एस्कडेल रेल्वेवर पोचली. ती मूळची तीन फुटी लाईन 1913मध्ये बंद पडली होती. 1915मध्ये तिच्यावर हेवूडचेच 15 इंच आले. 1927मध्ये मुरिएलवर नवा बॉयलर चढला, नाव झालं 'रिव्हर इर्ट', आणि ते इंजिन अजून धावतंय.

लेकीकडे गेलो होतो तेव्हा तिने मला तिथे नेलं. नशिबाने त्या दिवशी रिव्हर इर्टच जोडलेलं होतं. दरीतून डेलगार्थपर्यंत सात मैल. मी उघड्या डब्यात बसलो आणि सगळा वेळ इंजिनाकडेच पाहत राहिलो. शेवटच्या स्टेशनात ते डब्यांपासून सुटून पाण्यासाठी पुढे गेलं, तशी लेक म्हणाली, "बाबा, चला ना, चहा घेऊ." मी म्हटलं, "एक मिनिट थांब." खाली वाकलो आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात रुळांवर आडवा धरला. कोपर अलीकडच्या रुळावर होतं. बोटं पलीकडच्या रुळाच्या बाहेर आली.