पच्चल, लुकूप आणि अण्णांची कॅसेट

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीच्या माणसाला वेगळा सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमच्या माहेरी तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि सगळे अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात.

पाणी ओसरल्यावर घाईघाईत आम्ही ते अल्बम तसेच उन्हात ठेवले आणि तिथेच चुकलं. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, ओला असताना तो मऊ पडतो आणि वाळला की गोंदासारखा घट्ट धरतो, त्यामुळे माझं बारसं आणि भावाचं बोरनहाण कायमचे एकमेकांना चिकटून बसले, सोडवायला गेलं की चेहरेच निघून येतात. ओले फोटो वाळायच्या आधीच सुटे करायचे, स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने धुवायचे आणि चित्र वर करून सावलीत पसरायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले तरी चालतात. आमच्याकडे तेव्हा लाइटच नव्हती, पण मिरजेच्या मावशीकडे पाठवता आले असते. हे कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

वाचली ती माळ्यावरची बुटांची खोकी. त्यात कॅसेट होत्या, बहुतेक भजनं आणि नाट्यगीतं, आणि एकीवर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अक्षरात पेनने लिहिलेलं, "चिमी, दिवाळी ८८". चिमी म्हणजे मी, तेव्हा तीन वर्षांची.

ही पण मुळात विकतची अभंगांची कॅसेटच. ज्यांनी कॅसेटचा जमाना बघितलाय त्यांना आठवेल, विकतच्या कॅसेटला वरच्या कडेच्या दोन खिट्ट्या नसायच्या, म्हणजे तिच्यावर रेकॉर्ड होऊ नये म्हणून. पण त्या भोकांवर सेलोटेप लावली की व्हायचं. अण्णांनी तेच केलेलं, टेप पिवळी पडलीये पण अजून चिकटून आहे. काका आखातातून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, घेऊन आला होता, कोरी कॅसेट आणायला कोण थांबणार. आता मात्र आतली स्पंजची बारीक गादी निखळली होती आणि तिच्याशिवाय टेप हेडला नीट टेकत नाही. कॅसेट स्क्रूवाली होती म्हणून बरं, उघडून टेपच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या कॅसेटच्या रिकाम्या सांगाड्यात बसवल्या. मग जुन्या वॉकमनच्या हेडफोनच्या भोकातून साधी ऑक्स केबल लॅपटॉपला, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि प्ले दाबलं. यात घाई करता येत नाही, १९ मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला १९ मिनिटंच लागतात, बसून ऐकावंच लागतं.

मला वाटलं होतं मी स्वतःला ऐकणार. तशी मी आहे त्यात, "माझी पच्चल कुथेय" असं आठ-दहा वेळा, पण दोन मिनिटांत माझं लक्ष माझ्यावरून उडालंच. मागे स्टोव्हचा भरभर आवाज आणि त्यावरून आईचा, "अहो, तिला आधी जेवू द्या की, मग करा काय ते." आणि अण्णा दबक्या आवाजात, "अगं हळू, रेकॉर्ड होतंय." आई तेव्हा २५ वर्षांची. मी आता तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि तिचा आवाज इतका कोवळा, मला वाटलं शेजारची कुणी मुलगी आलीये. अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यांचे फोटो होते, लग्नातला अर्धा मिनिटाचा व्हिडिओ होता, पण मला घास भरवताना ते कसे बोलायचे हे मी पार विसरले होते. प्रत्येक घासाआधी ते "हं" म्हणायचे. मी पण माझ्या मुलीला भरवताना तसंच म्हणते, नवऱ्याने सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

तेव्हापासून माझं मत एकदम पक्कं झालंय. मुलांचे फोटो आपण हजारोंनी काढतो, ते काढाच, पण भरवताना, झोपवताना, अभ्यासावरून ओरडताना फोन बाजूला नुसता रेकॉर्डिंगवर ठेवून द्या. मुलांसमोर धरू नका, नाहीतर ती लगेच कविता म्हणायला लागतात. मुलगी मोठी झाल्यावर स्वतःला शोधायला म्हणून ऐकेल आणि आपण तिला सापडू.

बोबडे शब्द मी २०० पानी वहीत तारखेसकट लिहिते. मुलगी कुलुपाला लुकूप म्हणायची, आणि कालच्या दिवसालाही "उद्या"च. एका आठवड्यात ते सगळं सुटलं, लिहिलं नसतं तर मला आज सांगता आलं नसतं. उरलेल्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहिलीत, बॉलपेनने नाही, त्याचा दाब पुढे उमटतो. कॅसेटची फाइल जवळपास दोनशे एमबीची आहे, लॅपटॉपवर, एका हार्ड डिस्कवर आणि पुण्यात भावाकडे, कारण सगळं एकाच घरात ठेवलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. व्हॉट्सॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो-व्हिडिओ दाबून लहान होतात.

आईला ऐकवलं तेव्हा शेजारी माझा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता, तिला सांगून. बरंच झालं. एका ठिकाणी खण्ण असा आवाज येतो, मला काही कळला नव्हता, ती लगेच म्हणाली, "पितळेचा डबा पडला गं, चकलीचा. त्यांनीच पाडला आणि नाव तुझं घातलं." हे कॅसेटवर नाहीये, ते फक्त तिच्याकडेच होतं.

१९ व्या मिनिटाला अण्णा म्हणतात, "बरं, पुरे आता," खट्ट होतं आणि अभंग सुरू होतो, मधूनच, अर्ध्या शब्दापासून. मी म्हटलं हे पुढचं कापून टाकते. आईने माझा हात धरला, "राहू दे. हे झालं की ते रोज हाच लावायचे." मग आम्ही बसून तो अख्खा ऐकला.